शेवटची पाच मिनिटं

माझ्या मायनं आयुष्यात पाच-सहाशे सिनेमे तरी पाहिले असतील, पण त्यांतल्या एकाचाही शेवट पाहिला नव्हता. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी गंमत करते. गंमत नाही. मलकापूरला आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक टॉकीज होती आणि तिथल्या जनान्याच्या, म्हणजे बायकांच्या बाल्कनीच्या दाराशी माय कामाला होती. तिकीट फाडायचं, अंधारात टॉर्च दाखवून बायांना बाकावर बसवायचं, रडणारी पोरं बाहेर काढायची, आणि एखादा पुरुष ‘चुकून’ या जिन्यानं वर आलाच तर त्याच्या तोंडावर टॉर्च मारून त्याला खाली हाकलायचं. जनान्याला वेगळा जिना होता, मागच्या गल्लीत उतरणारा, आणि शेठचा एक नियम होता. सिनेमा संपायला पाच मिनिटं उरली की ऑपरेटर घंटी वाजवायचा. घंटी झाली की माय खाली जाऊन गल्लीतलं लोखंडी दार उघडायची आणि सगळ्या बाया पदर सावरत, पोरं काखेत मारत जिना उतरायच्या. पुरुषांची गर्दी सुटायच्या आत बायामाणसं आपापल्या रस्त्याला लागलेली बरी, असं सगळ्यांचंच मत होतं. तिकीट पुरतं, सिनेमा पाच मिनिटं कमी. याबद्दल कोणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. मीही तेव्हा केली नाही. आता या वयात मात्र ती घंटी आठवली की अंगाचा तिळपापड होतो.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटा. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाच्या हंगामात ते घरी यायचे तेव्हा भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या सगळं रुईनं पांढरं झालेलं असायचं आणि मी ओरडायची, “माय, म्हातारा आला!” मग ते ओट्यावर बसून मान खाली घालायचे आणि मी पंच्यानं त्यांना झटकायची. घरात सकाळ बुद्धवंदनेनं व्हायची आणि त्यानंतर लगेच ताईच्या पाठांतरानं. सुमनताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बारावीला होती. तिला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. आमच्या घरात बारावीपर्यंत पोचलेली ती पहिली, त्यामुळे तिच्या पुस्तकांवर कोणी भाकरीचं ताटसुद्धा टेकवायचं नाही. माझी वेणी घालता घालता ती इतिहास पाठ करायची आणि एखादं नाव अडलं की नेमका केस ओढला जायचा. स्टेशनावरच्या गाड्या, जिनिंगची घरघर आणि दुपारी तीनच्या खेळाला टॉकीजच्या भिंतीतून झिरपणारी गाणी, हे सगळं एकदमच ऐकत मी वाढले. संध्याकाळी माय येऊन भाकरी थापायला बसायची. आंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडायची, आणि दुपारचंच गाणं तव्यावरच्या भाकरीबरोबर गुणगुणलं जायचं.

माय रोज सिनेमाच्या दुनियेत राहून आली तरी त्या दुनियेला भुलली नव्हती. एका गोष्टीचा तिला फार राग होता. पडद्यावर नटानं नटीच्या थोबाडीत मारली की खालून शिट्ट्यांचा पाऊस पडायचा, चिल्लर उधळली जायची. त्या वेळी वर जनान्यात मात्र चिडीचूप व्हायचं. पंखे तेवढे फिरत राहायचे. “एक बाई हासत नाई पाह्य,” माय मला हळूच म्हणायची. “खालच्यायले वाटते मजा आहे.” मी तिच्या स्टुलाशेजारी पायरीवर बसून सगळं बघायची. शाळा सकाळची असल्यामुळे तीनचा खेळ हा माझा हक्काचा होता.

तर शेवट. जिना उतरताना बाया मायला विचारायच्या, “मंग पुढं काय झालं व, शांते?” त्यांना वाटायचं, रोज इथं बसते, हिला माहीत असणार. आधी कधी तरी मायनं ‘मले नाई माहीत’ असं सांगितलंही असेल. पण माझ्या आठवणीत ती नेहमी शेवट सांगायचीच, आणि तो तिचा स्वतःचा असायचा. दाराची कडी एका हातात, टॉर्च दुसऱ्या हातात, आणि पायरीवर थबकलेल्या पंधरा-वीस बाया. मायच्या शेवटात मारकुट्या नवऱ्याकडे नटी कधी परत गेली नाही. ती शिलाई मशीन घ्यायची, नाही तर दवाखान्यात नर्स लागायची. सासू जात्यावर बसून ज्वारी दळायची. आणि नट? “तो गेला गाडी पकडून भुसावळले,” माय सांगायची, की सगळा जिना खदखदायचा. आमच्या गल्लीतली जैतुनबी तर सिनेमा सोडून शेवटासाठीच यायची म्हटलं तरी चालेल. म्हातारी, गुडघ्यानं अधू, एकेक पायरी बसत उतरायची आणि म्हणायची, “शांता, आज भी भेज दिया क्या उसको भुसावळ?” बायांना माहीत होतं की हे खरं नाही. तरी त्या हसत हसत घरी जायच्या, आणि घरी जाऊन त्यांना जे करायचं होतं ते करायच्या, स्वयंपाक, धुणं, नवऱ्याची वाट पाहणं.

माझं एक गुपित होतं. ऑपरेटरच्या खोलीशेजारून एक बोळ खालच्या बाजूला जायची. घंटी झाली आणि माय जिन्याकडे वळली की मी त्या बोळीतून सटकायची आणि पुरुषांच्या मागं खांबाला टेकून खरा शेवट पाहायची. खऱ्या शेवटात नटी परत यायची. ज्यानं तिला पाण्याच्या नळापासून कॉलेजपर्यंत सतावलं, तिची वाट अडवली, ओढणी ओढली, त्याच्याच गळ्यात पडायची. नाही तर नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवायची आणि तो मोठ्या मनानं तिला उठवायचा. हे पाहिलं की मला फार शहाणी झाल्यासारखं वाटायचं. माय खोटे शेवट सांगते, खरे आपल्यालाच ठाऊक आहेत. अकरा वर्षांच्या पोरीला याहून मोठी श्रीमंती काय असणार!

माझी नात आता मोबाईलवर असले जुने सिनेमे लावते आणि पाच मिनिटांत बंद करते. “आजी, हा हिरो आहे की गुंड? पोलिसात द्यायला पाहिजे याला,” असं ती परवा म्हणाली. मी तिच्याकडे पाहतच राहिले. एवढं साधं वाक्य त्या काळात मला कोणी ऐकवलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

पुढचं असं घडलं. विनोद नावाचा एक मुलगा ताईच्या मागं लागला. बाजारातल्या एका मोठ्या अडत्याचा मुलगा. मला शाळेत सोडत ताई कॉलेजला निघाली की हा सायकलवर मागं. टॉकीजमधलं गाणं म्हणायचं, पुढं जाऊन वळायचं, पुन्हा मागं यायचं. ताई खाली मान घालून चालायची आणि माझा हात इतका घट्ट धरायची की बोटं दुखायची. दोनदा तिनं त्याला सरळ सांगितलं, “माह्या मागं येऊ नको.” एकदा रडलीसुद्धा. घरी मात्र बोलली नाही, कारण बोललं तर पहिली गदा कॉलेजवर येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला तिचं रडणं दिसत होतं, पण मी ते वेगळंच वाचत होते. नटीही रडते. नटीही दोनदा, तीनदा नाही म्हणते. विनोदनं मला चिठ्ठी दिली तेव्हा मी ती ताईच्या पुस्तकात ठेवली. तिनं ती न वाचता चुलीत घातली. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून, त्याच्यासाठी. ताई उगाच वेळ लावते आहे, शेवटी हो म्हणायचंच तर बिचाऱ्याला कशाला दमवायचं, असं मला वाटलं. मी वहीचं पान फाडलं आणि माझ्या मते सुंदर अक्षरात लिहिलं: ‘मी नाही म्हणते ते वरवरचं आहे. तुम्ही रोज येत जा. आपली सुमन.’ आणि ती चिठ्ठी नेऊन त्याला दिली.

दुसऱ्या दिवशी रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जायची होती, दोन्ही बाजूंना बैलगाड्या, सायकली, कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेली माणसं अशी सगळी खोळंबलेली. मी आणि ताई कडेला उभ्या होतो. विनोद सायकल टाकून सरळ आला आणि त्यानं ताईचं मनगट धरलं. “आता बस झालं रुसणं,” तो हसत म्हणाला. ताईनं हात ओढला. तो सोडेना. “सोड म्हनते ना!” ती ओरडली, इतक्या मोठ्यानं की एक बैल बुजला. माणसं बघत होती, काही हसत होती. मागून कुणी तरी शिट्टी वाजवली, टॉकीजमध्ये वाजते अगदी तशीच. तेव्हा विनोदनं खिशातून चिठ्ठी काढून सगळ्यांना दाखवली. “तूच तं लिहलं. आता काऊन नखरे करून राह्यली?” ताईनं ती हिसकावली आणि वाचली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर तिनंच मला गिरवून शिकवलं होतं, ओळखायला तिला किती वेळ लागणार. मला वाटलं आता ती सगळ्यांसमोर माझं नाव घेणार. तिनं चिठ्ठीची घडी घातली, दप्तरात ठेवली, माझा हात धरला आणि आम्ही घराकडे वळलो. मालगाडी जात होती, ती संपतच नव्हती.

आमच्या आधी बातमी घरी पोचली होती. बाबा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ताईकडून चिठ्ठी घेऊन वाचली, भुवयांवरची रुई न झटकताच बसून राहिले आणि म्हणाले, “उद्यापासून घरीच राह्य.” परीक्षा दोन महिन्यांवर होती. विनोदच्या घरी जाब विचारायची आमची छाती नव्हती. आपण जिनिंगमधली मजूर माणसं, वस्तीतली, आणि तो बाजारातला मोठा माणूस. उलट त्यांनी आपल्याच पोरीच्या चिठ्ठीचा बोभाटा केला तर? मायनं ताईला एकदाच विचारलं, “तुनं लिहली?” ताई म्हणाली, “नाई.” “मंग कोनं?” त्यावर ताई उठून आत गेली. चौथ्या दिवशी मोताळ्याहून बाबांचे थोरले भाऊ आले, त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो. पिंपळगाव राजाचं एक स्थळ त्यांच्या डोक्यात होतं. रविवारी पाहुणे येणार असं ठरलं. आणि या सगळ्या चार दिवसांत ताई माझी वेणी रोजच्यासारखी घालत होती. पाठांतर तेवढं बंद झालं होतं. केस ओढला जात नव्हता, आणि त्यानं मला जास्त रडू यायचं.

शनिवारी तीनच्या खेळाला मी मायच्या स्टुलाशी बसले होते. थोबाडीत मारायचा प्रसंग आला, खालून शिट्ट्या आल्या, आणि या वेळी मी दोन्ही हातांनी कान झाकले. घंटी झाली. बाया जिन्यावर आल्या, थबकल्या. आमच्या घरचं सगळ्यांना कळलेलंच होतं, तरी सवयीनं कोणी तरी विचारलं, “मंग काय झालं व पुढं?” माय दाराची कडी काढत म्हणाली, “आज मले नाई माहीत.” जैतुनबीनं उतरताना मायच्या पाठीवरून हात फिरवला, तेवढंच. गल्ली रिकामी झाली आणि मी पायरीवर बसून सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी मी लिहिली, ताईला ओळखू आलं, तरी ती बोलली नाही.

माय मारेल असं वाटलं होतं. ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. “कोठून सुचलं तुले हे?”

“शेवटी ती हो म्हनतेच ना, माय. मी खाली जाऊन पाह्यते रोज. तू खोटं सांगते.”

मायनं टॉर्च मांडीवर ठेवली आणि विचारलं, “वापस जाते?”

“हाव.”

“सगळ्याच?”

“सगळ्याच.”

मला आजही वाटतं, त्या दिवशी माझ्या चिठ्ठीपेक्षा या उत्तरानं तिला जास्त लागलं. इतकी वर्षं ती दार उघडत होती आणि पाठीमागं हे चाललं होतं. आतून टाळ्या ऐकू आल्या, सिनेमा संपला. माय उठली, टॉर्च विझवली. ती दिवसाउजेडी चालूच राहिली होती. “तुनं सुरू केलं ना,” ती म्हणाली, “मंग शेवटही तूच सांगशीन. उद्या. सगळ्यायच्या समोर.”

रविवारी वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती. पाहुणे ओट्यावर, मोठे बाबा त्यांच्या शेजारी, ताई आत स्वयंपाकघरात माझ्या आत्याची साडी नेसून बसलेली. मायनं मला दोन्ही खांद्यांना धरून ओट्यावर आणलं आणि सोडून दिलं. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पाहुण्यांच्या पांढऱ्या टोप्या तेवढ्या आठवतात. मोठे बाबा म्हणाले, “लेकरू आहे, बहिणीसाठी खोटं बोलून राह्यलं.” तेव्हा बाबांनी माझी वही मागवली. चिठ्ठी आणि वही शेजारी शेजारी ठेवली. बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की ते जवळजवळ हसलेच. “म्हंजे सुमीची काई चूक नाई,” ते म्हणाले.

सगळं इथंच संपलं असतं. पण माय दारातून म्हणाली, “अन् तिनं लिहली असती तं?”

बाबांनी वर पाहिलं.

“लिहली असती, अन् मंग नको म्हनली असती, तं? त्यानं हात धराचा? अन् तुमी तिचं कॉलेज बंद कराचं? चार दिवस झाले, तुमी एक डाव तिले विचारलं नाई, पोरी, तुह्या हाताले लागलं का म्हनून.”

पाहुण्यांसमोर नवऱ्याला असं बोललेली बाई मी सिनेमातही पाहिली नव्हती. बाबा उठले. मला वाटलं आता हात उचलतात. ते आत गेले. मी मागोमाग गेले. ताई चुलीपाशी बसली होती. बाबा तिच्यासमोर खाली बसले, तिचं मनगट उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “दुखते काय व?” चार दिवस कोरडी राहिलेली माझी बहीण तेव्हा फुटली. बाहेर येऊन बाबांनी हात जोडले. “पाव्हणे जेवून जा. पोरगी परीक्षेले बसून राह्यली.” मोठे बाबा रागानं न जेवता गेले, पाहुण्यांनी मात्र बट्ट्या दोनदा मागून घेतल्या.

सोमवारी बाबा कामावरची पाळी चुकवून ताईबरोबर कॉलेजपर्यंत चालत गेले. मंगळवारी फाटकावर माय होती, जैतुनबी होती, जिन्यावरच्या आणखी चार-पाच बाया होत्या. विनोद सायकलवर दिसला तेव्हा मायनं पदराआडून टॉर्च काढली आणि भर सकाळच्या उन्हात त्याच्या तोंडावर मारली, जनान्याच्या जिन्यावर चुकलेल्या माणसाला मारायची तशी. “इकडून रस्ता नाई,” ती म्हणाली. बाया हसल्या, आणि मग फाटकावरची माणसंही हसली, या वेळी त्याला. तो सुधारला की नाही मला ठाऊक नाही, पण त्या फाटकावर पुन्हा दिसला नाही.

ताई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. ते माझं भोगणं होतं आणि मी ते मुकाट भोगलं. नवव्या दिवशी वेणी घालताना एकदम केस ओढला गेला. मी कळवळले, आणि ती म्हणाली, “एवढं घाणेरडं अक्षर माह्यं असन असं वाटलंच कसं त्या मूर्खाले?” मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. परीक्षेच्या पहिल्या दिवशी तीनच्या खेळाला बायांनी जिन्यावर मायला घेरलं. आज पुढं काय झालं, शांते? माय कडी काढत म्हणाली, “आज ती परीक्षेले बसली.” सगळ्या समजल्या. जैतुनबीनं पायरीवर बसल्या बसल्या विचारलं, “पास हुई क्या?”

“निकाल लागाचा आहे,” माय म्हणाली.

पुढं पाच-सहा वर्षांनी ताई मास्तरीण झाली. मायनं टॉकीजचं काम सोडलं होतं, जनाना वेगळा राहिला नव्हता, घंटीही गेली होती. ताई एका सुट्टीत आली आणि म्हणाली, आज तिघी सिनेमाला जायचं, तिकीट काढून, मधल्या बाकावर बसून. माय नको नको म्हणत आली. सिनेमा शेवटाकडे आला तशी ती चुळबुळायला लागली आणि नेमकी पाच मिनिटं उरली असताना उठून उभीच राहिली. हात कडी काढायला पुढं झाला होता. ताईनं तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. “बस माय. पाह्य आता.” मायनं पाहिलं. नटी रडत परत आली, त्याच्या पायावर डोकं ठेवलं, त्यानं तिला उठवलं, गाणं सुरू झालं, दिवे लागले. माय तशीच बसून होती.

जुन्या सवयीनं आम्ही मागच्या जिन्याकडेच वळलो. अर्ध्यावर येऊन माय थांबली. “एवढंच होतं काय व ते?” ती म्हणाली. “यापरीस मीच बरी सांगत होती.”

ताई दोन पायऱ्या खाली होती. ती मागं वळली आणि तिथूनच विचारलं, “मंग तूच सांग ना, माय. काय झालं तिचं शेवटी?”

मायनं उतरता उतरता तिच्या खांद्याचा आधार घेतला.

“पास झाली ती,” माय म्हणाली.